रन, रॅन, रन

आज एका एवढ्याशा इंग्रजी शब्दाबद्दल लिहायचं आहे. आर, यू, एन... रन. इंग्रजीत तीन अक्षरं, मराठीत लिहिलं तर दोनच. शाळेत आम्ही क्रियापदांची तीन रूपं मुलांकडून घोकून घ्यायचो. गो-वेंट-गॉन, ईट-एट-ईटन अशा सगळ्या रांगेत हे एक गंमतीचं. रन, रॅन, रन. मधल्या रूपात जरा इकडेतिकडे करून पुन्हा मूळ जागी येऊन उभं राहतं. मुलांना हे फार आवडे, कारण तिसरं रूप पाठ करायची कटकट नाही.

माझं बी.ए. मराठी माध्यमातून झालेलं. विषय मराठी आणि इतिहास. पण शिरूर तालुक्यातल्या ज्या माध्यमिक शाळेत मी लागले तिथं इंग्रजीला शिक्षक टिकत नसे. जो येई तो वर्षभरात पुण्याकडची बदली मिळवून जाई. मग मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, तुम्हीच घ्या." घेतलं. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला उशाशी घेऊन मी आधी स्वतः शिकले आणि मग मुलांना शिकवलं. त्यामुळे माझं इंग्रजी हे असं पायरी पायरीनं चढलेलं आहे. एखादा इंग्रजी शब्द दिसला की त्याला मराठीत काय म्हणतात, हे पाहिल्याशिवाय मला अजूनही चैन पडत नाही. नातवंडं हसतात. हसू देत.

तर 'रन'. आम्ही मुलांना अर्थ सांगायचो 'धावणे'. वहीत तेवढंच लिहिलं जाई आणि मुलं निर्धास्त होत. पण पुढच्याच धड्यात वाक्य येई, की रस्ता गावातून 'रन' होतो. एका वर्षी मागच्या बाकावरचा एकजण उठून म्हणाला, "बाई, रस्ताच धावतोय तर मग आपण येष्टीची वाट कशाला बघायची?" सगळा वर्ग हसला, मीही हसले. पण पोराचं चुकलं कुठं होतं? आपल्याकडे रस्ता जातो. फार तर वळतो, फुटतो, घाट चढतो. शिरूरहून दौंडला जायचं तर रस्ता न्हावऱ्यावरून जातो, भीमा ओलांडतो आणि चौफुल्याला सोलापूर रस्त्याला मिळतो. धावत मात्र तो कुठंच नाही!

पुढे एका मुलानं पेपरात 'माय नोज इज रनिंग'चं भाषांतर 'माझं नाक धावत आहे' असं लिहिलं. हा विनोद तुम्ही पुष्कळ ठिकाणी ऐकला असेल, मी तो तपासला आहे. अर्धा गुण दिला होता, काळ बरोबर ओळखला म्हणून.

मग मी एक वहीच केली. जिथं 'रन' भेटेल तिथं ते वाक्य लिहायचं आणि समोर मराठी क्रियापद. नदी वाहते. नाक गळतं. नळ सुटलेला असतो. कपड्याचा रंग जातो. दूध उतू जातं ते मात्र 'रन ओव्हर' नव्हे, ते वेगळं. 'रन ओव्हर' म्हणजे अंगावरून गाडी जाणं, आणि हे मुलांना नीट समजावून द्यावं लागे. पीठ संपत आलं की 'रन शॉर्ट'. वाण्याची उधारी चढली की 'रन अप'. बाजारात अचानक कुणी भेटलं तर 'रन इन्टू', आणि खांबाला जाऊन आदळलं तरीही 'रन इन्टू'च! म्हणजे इंग्रजांना पाहुणा आणि खांब सारखेच की काय, असं वाटायचं. (काही पाहुण्यांच्या बाबतीत ते खरंही आहे म्हणा.)

वही भरत आली तेव्हा माझ्या लक्षात एक गोष्ट आली. इंग्रजीत जिथं जिथं 'रन' आहे त्यातल्या निम्म्याहून जास्त ठिकाणी मराठीत 'चालणे' आहे. दुकान चालतं. घड्याळ चालतं. शाळा चालते, खानावळ चालते, कारखाना चालतो. खटला वर्षानुवर्षं चालतो. नाटक चालतं, नाही चाललं तर पडतं. संसारसुद्धा चालतो. त्यांच्याकडे हे सगळं पळतंय आणि आपल्याकडे ते पायी चाललंय! यावरून त्यांचा स्वभाव घाईचा आणि आपला निवांत असा सिद्धांत मांडायचा मोह होतो, पण तो खरा नाही. 'वॉक' आणि 'रन' ही दोन्ही क्रियापदं त्यांच्याकडेही आहेत आणि आळशी माणसंही आहेत. भाषा एखादा शब्द उचलते आणि मग त्यालाच जुंपत राहते, इतकंच.

या शब्दाला किती जुंपलंय याचा आकडा मला नंतर कळला. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश १९२८ साली पुरा झाला, तेव्हा त्यातली सगळ्यात लांब नोंद 'सेट' या क्रियापदाची होती. पुढे कोशाची नवी आवृत्ती हाती घेतल्यावर पीटर गिलिव्हर नावाच्या कोशकारानं एकट्या 'रन'वर नऊ महिने काम केलं. २०११ मध्ये ती बातमी वर्तमानपत्रांतून आली. नुसत्या क्रियापदाचे अर्थ निघाले ६४५! नऊ महिने म्हणजे बाळंतपणच की. यंत्रं, रेल्वे, कारखाने आणि मग संगणक आले, तसतसे या शब्दाला नवे नवे अर्थ फुटत गेले, असं त्याचं कारण सांगतात. ते पटतं. जे यंत्र आलं ते त्यांच्याकडे 'रन' झालं आणि आपल्याकडे 'चालू' झालं.

आपल्याकडे हे काम आधी कुणी केलं? मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ची. कँडीसाहेबांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७चा. त्या साहेबांच्या हाताखाली आपले पंडित बसलेले असत. एकेका इंग्रजी क्रियापदापुढे मराठी शब्दांची रांग लावताना त्या मंडळींची काय त्रेधा उडाली असेल, हे मी माझ्या दोनशे पानी वहीवरून ताडू शकते.

आता कुणी म्हणेल, मराठीत धावण्याला शब्द कमी आहेत की काय? मुळीच नाही. इंग्रजी मुलांना 'स्प्रिंट', 'डॅश', 'बोल्ट' असे समानार्थी शब्द शिकवतात. आपल्याकडे धूम ठोकतात, पोबारा करतात, सूंबाल्या करतात, पळ काढतात. घोडा चौखूर उधळतो, वासरू वारा प्यायल्यासारखं सुटतं, तान्हं मूल दुडूदुडू धावतं. आणखी एक वाक्प्रचार आहे, त्यात पाय कशाला लावतात ते शाळेत सांगता येत नसे, पण तो सगळ्या मुलांना आधीच येत असे.

आणि 'धावणे' व 'पळणे' यातलाच फरक बघा. पुस्तकात धावतात, आमच्या भागात पळतात. "पळ की लेका!" असंच म्हणतात, "धाव" कुणी म्हणत नाही. शिरूर, खेड, आंबेगाव या बाजूला बैलगाडा शर्यतींचं केवढं वेड आहे हे पुणे जिल्ह्यातल्या वाचकांना सांगायला नको. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली होती, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं शर्यतींचा कायदा कायम केला. त्या घाटात बैल पळतात. "बैल धावले" म्हटलं तर ऐकणारा ओळखतो की हा माणूस शहरातला आहे. मोटारसायकलसुद्धा पळते, "गाडी किती पळाली?" असं विचारतात. घड्याळ बरोबर असलं तर चालतं, पुढं गेलं तर मात्र 'पळतं'. पण संकटात देव धावून येतो. देव पळून येत नाही! आपण देवाचा धावा करतो तो त्याच शब्दातून. पळण्यात मागे काहीतरी लागलेलं असतं, धावण्यात पुढे काहीतरी दिसत असतं, असं आपलं मला वाटतं. दोन्ही एकत्र केलं की धावपळ, त्यात पुढेही काही नसतं आणि मागेही.

'धाव' हा नुसता शब्द घ्या. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी पट्टा तापवून बसवतात, ती धाव. विहिरीवर मोट चालायची तेव्हा बैल ज्या उतरणीवरून खाली जायचे, तीही धाव. आमच्या घराण्याची विहीर आता बुजली, मोट तर माझ्या लहानपणीच गेली, पण त्या जागेला घरात अजून 'धावेजवळ' असंच म्हणतात. शिवणात सगळ्यात आधी शिकवतात तो धावदोरा. आईच्या गोधड्या सगळ्या धावदोऱ्याच्या. इंग्रजीतही त्याला 'रनिंग'च म्हणतात हे मला पुढे कळलं तेव्हा फार आनंद झाला. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग त्यांनी आपलं बघूनच घेतलं असेल."

क्रिकेटमध्ये रन म्हणजे धाव, रन आउट म्हणजे धावचीत. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन आकाशवाणीवर ऐकत आमची पिढी वाढली, त्यामुळे हे शब्द कधी भाषांतर केलेले वाटलेच नाहीत. निवडणुकीचं मात्र आणखी मजेदार आहे. अमेरिकेत उमेदवार 'रन' करतो, इंग्लंडात तो 'स्टँड' होतो, आणि आपल्याकडेही उभाच राहतो. मग कधी पडतो, कधी येतो, आणि काही देणंघेणं झालं की बसतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत उभं राहणं, बसणं, पडणं, येणं हे सगळं मी तालुक्यात डोळ्यांनी पाहिलं आहे. धावणारा मात्र एकही पाहिला नाही, निकालानंतर पळालेले पुष्कळ.

आता दौंड. दौंडला माझे थोरले भाऊ राहतात, आम्ही त्यांना दादा म्हणतो. जन्म गेला रेल्वेत, मालगाडीवर ड्रायव्हर. इंग्रज 'धोंड' असं लिहीत त्या दौंडला १८७८ मध्ये मनमाडचा फाटा निघाला आणि गावाचं जंक्शन झालं. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन तिथं एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावायचे. आता कॉर्ड लाइनचं वेगळं स्थानक झाल्यानं त्यातल्या बऱ्याच गाड्या दौंडात न शिरताच जातात. दादांना ते अजून पसंत नाही. "जंक्शनला वळसा घालून गेले," म्हणतात, जणू पाहुणा दारावरून गेला.

दादांच्या घरात 'रन' हा शब्द आमच्या शाळेपेक्षा जास्त चाले. ड्रायव्हर आणि गार्ड म्हणजे 'रनिंग स्टाफ'. दुसऱ्या गावी झोपायची जागा म्हणजे 'रनिंग रूम'. जितके किलोमीटर गाडी न्याल त्यावर मिळणारा भत्ता म्हणजे 'रनिंग अलाउन्स'. स्टेशनात न थांबता गाडी सरळ निघून गेली तर ती 'रन थ्रू'. रात्री-अपरात्री कॉलबॉय येऊन दार वाजवी, दादा लोखंडी लाइन बॉक्स घेऊन निघत, आणि सकाळी कुणी विचारलं तर वहिनी सांगत, "ते रनिंगला आहेत." वहिनी चौथी शिकलेल्या, पण या शब्दाचे त्यांना माझ्यापेक्षा जास्त अर्थ येत. रेल्वेच्या घोषणेत गाडी "उशिराने धावत आहे" असं म्हणतात ते ऐकून त्या म्हणायच्या, "धावतीय तर मग उशीर कसा?" याचं उत्तर मीही देऊ शकलेले नाही.

दादांनी ड्रायव्हरची नोकरी केली म्हणजे डोळे पक्के. ठरावीक वर्षांनी तपासणी होई, लांबचं दिसतं का, सिग्नलचा रंग ओळखतो का. निवृत्त झाल्यावर मात्र डोळे तपासायला कुणी बोलावणारं उरलं नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांचा चहाचा कप टेबलाच्या कडेला ठेवताना खाली पडू लागला. जिन्यात पाय चुकू लागला. शेजारून कुणी आलं तर दचकत. "चालायचंच," म्हणाले, "वय झालं." चालायचंच! बघा, इथंही तेच क्रियापद. मराठी माणूस जे सोडून देतो ते 'चालायचंच' म्हणून सोडतो.

पुतण्यानं त्यांना पुण्याला नेलं. निदान झालं काचबिंदूचं. एका डोळ्याचं बाजूचं दिसणं बहुतेक गेलेलं, दुसऱ्याचं काही शिल्लक. तिथल्या डॉक्टरांनी पुतण्याला इंग्रजीत सांगितलं की हे कुटुंबात 'रन' होतं. त्यानं रात्री मला फोन केला, "आत्या, म्हणजे नेमकं काय? संसर्ग का?"

वहीत मी हे वाक्य कधीच लिहून ठेवलेलं होतं. समोर लिहिलं होतं, 'घराण्यात चालत आलेले असणे'. उदाहरणंही साधीसुधी, घाऱ्या डोळ्यांचं नाहीतर गाण्याचं असं काहीतरी. त्या रात्री फोनवर ते मराठी वाक्य मी त्याला वाचून दाखवलं आणि मला आई दिसायला लागली. शेवटची आठ-दहा वर्षं ती भिंतीला हात लावून चालायची. समोर बसलं तर ओळखायची, बाजूनं आलं तर तिला कळत नसे. सुईत दोरा ओवायची, पण ताटातली शेजारची वाटी तिला सापडत नसे. "म्हातारपणाचं दिसणं असंच," असं ती म्हणे, सगळं गावही तेच म्हणे. तिचं निदान कधी झालं नाही, त्यामुळे तिला तेच होतं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण चालत आलं म्हणजे कुठून तरी निघालंच असणार.

इथं घरातल्यांसाठी थोडं सविस्तर लिहिते, इतरांनी हवं तर पुढे जावं. मोतीबिंदू आणि काचबिंदू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की दिसायला लागतं. काचबिंदूत डोळ्यामागची नस खराब होत जाते, बहुधा डोळ्यातला दाब वाढल्यामुळे, आणि जे गेलं ते परत येत नाही. बहुतेकांना दुखत नाही, खुपत नाही, डोळा लाल होत नाही. कडेकडेनं दिसणं कमी होत जातं आणि समोरचं शेवटपर्यंत स्वच्छ राहतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. रोज थेंब घातले तर उरलेलं बरंच राखता येतं. सख्ख्या भावंडांना आणि मुलांना हे व्हायची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी जास्त असते, म्हणून चाळिशीनंतर तपासणी करत राहायची. नुसता चष्म्याचा नंबर काढला म्हणजे झालं नाही. दाब मोजून घ्यायचा, मागची नस बघून घ्यायची, लागली तर 'फील्ड'ची तपासणी. त्यात एका यंत्रात तोंड घालून मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि आजूबाजूला कुठंही उजेड लुकलुकला की बटण दाबायचं. मी दाबलं. सुरुवातीला वाटलं ठिपके संपले, पण मला दिसत नव्हते तेवढा वेळ यंत्र चालूच होतं, हे नंतर कागदावर पाहिलं. उजव्या डोळ्यात वरच्या बाजूला थोडा काळा भाग आला आहे. रोज झोपताना एक थेंब घालते. बाकी ठीक.

दादांना थेंब घालायला लावणं हे मोठंच काम होतं. "राहिलंय किती आयुष्य, चालतंय की." वहिनींनी उपाय काढला. सोलापूरकडची एक गाडी रात्री घराजवळून जाते, ती गेली की थेंब. दादा आवाजावरून ओळखतात, थांबली की 'रन थ्रू' गेली, डबे किती, इंजिन कुठलं. गाडी उशिरानं धावली तर थेंबही उशिरानं. डॉक्टरांना हे सांगितलेलं नाही.

भावंडं, चुलत-आते-मामे सोडून फक्त आईच्या पोटची आणि त्यांची मुलं, असे आम्ही एकूण चौदा जण भरतो. पैकी नऊ जणांनी तपासणी केली, त्यात माझ्याशिवाय आणखी एकीचा दाब वाढलेला निघाला, वय फक्त ४६. तिचं दिसणं अजून सगळं शाबूत आहे. पाच जण राहिले. त्यातल्या तिघांनी दिवाळीनंतर जातो असं कळवलं आहे, एकाचा फोन लागत नाही. आणि पाचवा भाचा हे लिखाण नेमानं वाचतो, शुद्धलेखनाच्या चुकाही काढतो, तेव्हा त्याला हा मजकूर पोचलाच असं मी धरते. आठवडाभरात कळवावं. वहीत 'रन अवे'पुढेही एक-दोन ओळी रिकाम्या आहेत.